टायरमधला खडा

रोज सकाळी मी गाडी डबल स्टँडवर घेतो आणि टायरमधले खडे काढतो. आधी मागचं चाक, मग पुढचं. पंधरा-वीस मिनिटं जातात. समोरच्या ओट्यावर दात घासत बसलेली पोरं हसतात.

"काका, तांदूळ निवडायलात का?"

मीही हसतो. हात थांबवत नाही.

संपादक मित्र म्हणाला, अनुभवाचं काही लिही. मी म्हणालो, माझ्याकडं टायर आहे. तो म्हणाला, टायरवर कुणी लेख लिहितं का? लोक पावसावर लिहितात, पारिजातकावर लिहितात, आजोळच्या ओसरीवर लिहितात. आमच्या आजोळाला ओसरी नव्हती. पारिजातक वाड्यात होता, आम्हाला तो भिंतीबाहेरून दिसायचा. आणि पाऊस आला की आधी घर गळायचं. तेव्हा मी टायरवरच लिहितो.

मी एका पतसंस्थेचा पिग्मी एजंट आहे. १९९८ पासून. चहावाले, पानटपरीवाले, भाजी विकणाऱ्या बाया, यांच्याकडून रोज दहा, वीस, पन्नास रुपये गोळा करायचे. आधी पावती फाडायचो, आता हातात छोटं मशीन आहे, त्यातून चिठ्ठी निघते. दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर होतात. गाडी चालली तर कमिशन. गाडी बसली की मीही घरी बसलो.

आमचं गाव गेवराई तालुक्यात, गोदावरीच्या अंगाला. फाट्यावरून गावात डांबरी रस्ता येतो. तो मारुतीच्या पारापाशी संपतो. तिथून आमची वस्ती पाऊण किलोमीटर. तेवढ्या रस्त्यावर सोलिंग झालं, वर खडी पसरली, खडीवर मुरूम टाकला, रोलर फिरला. डांबराचं पीप काही आलं नाही. पहिल्या पावसात मुरूम वाहून गेला आणि खडीचे दात वर आले. आमच्याकडचा दगड काळा फत्तर. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा थिजून झालेला. नदीतला गोटा घासून घासून गोल होतो, हा फोडला की धारच निघते. त्या धारेवरून आमची वस्ती रोज जाते-येते. सायकली, फटफट्या, दुधाचे कॅन, शाळेची पोरं.

म्हणून आधी टायर कसं बघायचं ते सांगतो. कामाचं आहे.

गाडी उजेडात घ्यायची. डबल स्टँडवर, न्यूट्रलमध्ये. मागचं चाक हातानं फिरतं. पुढच्या चाकासाठी गाडी स्टँडवरून उतरवून वीतभर-वीतभर पुढं ढकलायची. टायरच्या कडेवर खडूनं एक रेघ मारायची, म्हणजे फेरा कुठून सुरू केला ते कळतं. रेघ नसली की माणूस अर्ध्या चाकावर थांबतो आणि त्याला वाटतं, झालं.

मग डोळ्यानं एक फेरा, हातानं दुसरा. हाताला फडकं गुंडाळायचं, कारण खाचेत काच असली तर बोट कापतं. गोल खडा नखानं निघतो, त्याची भीती नाही. भीती कपचीची. ती टोकावर उभी राहते. वरून सपाट दिसते, रबराच्याच रंगाची. ती काढायला मी जुना स्क्रू-ड्रायव्हर ठेवलाय, टोक घासून बोथट केलेला. धारदार हत्यार घातलं तर खडा निघतो खरा, पण भोक आपणच पाडतो.

कपची निघाली की खाच फाकवून तळ बघायचा. तळ काळा असला तर ठीक. पांढुरका धागा दिसला तर समजायचं, टायरचं आयुष्य संपलं. टायरचं बळ रबरात नसतं. रबराच्या आत नायलॉनच्या धाग्यांचे थर असतात, बळ त्यांच्यात. रबर म्हणजे त्यांचं पांघरूण. पांघरूण फाटलं की आत पाणी जातं, बारीक वाळू जाते, आणि ती वाळू धाग्याला घासत बसते.

खिळा रुतलेला दिसला तर घरी उपटायचा नाही. तो भोकाला बुचासारखा असतो. गाडी तशीच हळू पंक्चरवाल्याकडं न्यायची. टायरच्या बाजूच्या भिंतीला चीर गेली असली तर तिथं ठिगळ चालत नाही, कारण ती जागा दर फेऱ्याला वाकते. कुठं फुगा आला असला तर आतले धागे तुटलेत. ते टायर त्याच दिवशी काढायचं.

शेवटी हवा. सकाळी, टायर थंड असताना. माझ्या गाडीला मी एकटा असलो तर पुढं २५, मागं २८. मागं माणूस बसलं की मागची वाढवायची. हवा कमी असली आणि चाक दगडावर आदळलं की ट्यूब दगड आणि रिंग यांच्यामध्ये चेमटते. तिला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात, साप चावल्यासारखी. पंक्चरवाला ती दोन भोकं बघतो आणि एवढंच विचारतो, हवा कधी बघितली होती?

हे सगळं मला २०११ सालीही माहीत होतं.

बहिणीचा थोरला माझ्याकडंच राहायचा. बारावी झालेला. दोन वर्षं तो पहाटे चारला उठून धावायचा, आमच्या त्याच खडीच्या रस्त्यावर. आधी अनवाणी, मग मी घेऊन दिलेल्या बुटात. पोलीस भरतीत तेव्हा पोरांना पाच किलोमीटर धावावं लागायचं. शिवाय गोळाफेक, लांब उडी, पुलअप्स. वस्तीतली म्हातारी माणसं त्याला आत्ताच "साहेब" म्हणायला लागली होती. तो लाजायचा. पण धावताना मान ताठ असायची.

बीडला मैदान होतं. शुक्रवारी पहाटे सहाला हजर राहायचं.

सोमवारी संध्याकाळी मी वसुलीहून आलो. गाडी लावताना मागच्या चाकात एक कपची दिसली. मधल्या खाचेत. टायर तसंही गुळगुळीत झालं होतं. त्यात आधीच्या एका चिरेवर गेटर टाकलेलं. गेटर म्हणजे जुन्या टायरचा तुकडा, फाटक्या टायरला आतून लावलेलं अस्तर. आमच्याकडच्या हायवेवर पंक्चरची दुकानं केरळच्या माणसांनी टाकली, तसाच नाक्यावर एक केरळी उस्ताद होता. गेटर टाकतानाच तो म्हणाला होता, "भाई, ये दो हफ्ते का मेहमान है. नया डाल दो." त्या दोन हफ्त्यांचे चार महिने झाले होते.

नवं टायर घ्यायचं तर हजारभर रुपये. त्या महिन्यात पोराचे बूट झाले, फॉर्मचं चलन झालं, मायच्या डोळ्याचं औषध झालं. मी म्हणालो, भरती होऊ दे. पुढच्या कमिशनवर टायर.

आणि कपची? ती काढायला काय लागत होतं? काहीच नाही. पण कपची काढली असती तर तळ बघावा लागला असता. तळ बघितला असता तर धागा दिसला असता. धागा दिसला असता तर टायर बदलावं लागलं असतं. म्हणून मी कपची काढलीच नाही. गाडीवर गोणपाट टाकलं आणि आत जाऊन जेवलो.

शुक्रवारी साडेचारला निघालो. गेवराई ते बीड पस्तीसेक किलोमीटर. हायवे तेव्हा दोनपदरी होता. पोरगा मागं, पाठीला पिशवी, पिशवीत बूट आणि केळी. हवा वाढवायची राहून गेली, एवढ्या पहाटे कुठलं दुकान उघडं? पाडळसिंगी ओलांडलं आणि मागून फाट् असा आवाज झाला. बंदुकीसारखा. मागचं चाक डावी-उजवीकडं फेकायला लागलं.

अशा वेळी हँडल सरळ आणि घट्ट धरायचं, रेस सोडायची, ब्रेकला हात-पाय लावायचा नाही, गाडी आपोआप हळू होऊ द्यायची. हे मी आज सांगतो. त्या दिवशी मी घाबरून पायाचा ब्रेक दाबला.

मला खरचटलं. पोराचा उजवा गुडघा साइडपट्टीच्या खडीवर आपटला. तो उठला, दोन पावलं टाकली आणि बसला. परत उठला. म्हणाला, "मामा, ट्रकला हात करा. मी जातो."

ट्रक थांबला. तो गेला. छातीवर नंबर लावून मैदानात उभा राहिला. तीन फेऱ्या धावला. चौथीत गुडघा वाकेना, तेव्हा त्याला हाताला धरून बाहेर बसवलं. आतली गादी फाटली होती, हे डॉक्टरनं नंतर सांगितलं. परत कधी तो भरतीला उभा राहिला नाही.

गाडी टेम्पोत घालून उस्तादाकडं आणली. त्यानं लिवर लावून टायर रिंगवरून उतरवलं, आतलं बाहेर केलं आणि बोट ठेवलं. हरभऱ्याच्या डाळीएवढी कपची. रबर ओलांडून, धागे ओलांडून गेटरच्या कडेनं आत आलेली. ट्यूब तिच्यावर घासून घासून पातळ झाली होती. वजन वाढलं, हवा कमी, टायर तापलं आणि फाटलं.

"ये आज का नहीं है," उस्ताद म्हणाला. "ये रोज थोडा-थोडा अंदर गया है."

घरी आल्यावर मी सुतळी घेतली आणि चाकाचा घेर मोजला. एक मीटर अठ्ठ्याऐंशी सेंटिमीटर. म्हणजे एका किलोमीटरला पाचशे तीसच्या आसपास फेरे. सोमवारपासून मी अडीचशे किलोमीटर हिंडलो होतो. सव्वा लाखाच्या वर फेरे. सव्वा लाख वेळा माझं आणि गाडीचं ओझं त्या कपचीवर पडलं, आणि दर वेळी एकाच जागी. मी वहीच्या पाठीवर हा हिशेब मांडत बसलो होतो. पोरगा आत पाय लांब करून भिंतीकडं तोंड करून पडला होता.

माय चुलीपाशी होती. तिला मी आकडे सांगितले. तिला आकड्यांचं काही वाटलं नाही.

"एका जागी हाणलं की फत्तरबी फुटतो," ती म्हणाली. "हे काय नवं सांगायलास?"

तिला हे कुणी सांगायची गरज नव्हती. १९७२ च्या दुष्काळात माय खडी फोडायला होती. मी दोन वर्षांचा, बाभळीला बांधलेल्या झोळीत. मिलोची लाल भाकर, वाटपाची सुकडी. बाप दगड आणून टाकायचा, माय फोडायची. मजुरी मापावर. दिवसभर ढीग लावायचा, संध्याकाळी मुकादम माप घेणार. दगड उडू नये म्हणून बाया त्याच्याभोवती रबराची कडी ठेवायच्या. जुन्या टायरची पट्टी कापून, वाकवून, तारेनं बांधलेली. डाव्या हातानं कडी धरायची, उजव्यानं हातोडा. त्या कामावर मायचा डावा डोळा गेला. आम्ही लहानपणापासून एवढंच ऐकलेलं, की कपची उडाली आणि डोळ्यात गेली. नशीब.

त्या रात्री मायनं पहिल्यांदा पुढचं सांगितलं.

"कडीला चीर पडली व्हती. सकाळीच बघितली म्या. नवी करायची तर गावात जाऊन टायरचा तुकडा मागून आणायचा, अर्धा दिस गेला असता. ढीग अर्धा ऱ्हायला असता. तू झोळीत रडत व्हतास. म्हणलं, आजचा दिस ढकलू. दुपारी कडी उकलली, आन्…" ती थांबली. लाकूड आत सारलं. "बघितलं व्हतं रं. न बघता न्हाई गेला डोळा."

चाळीस वर्षं ती हे कुणाला बोलली नव्हती. बापालाही नाही.

आमच्या माणसांना लोक अडाणी म्हणतात. यांना कळत नाही, हे काळजी घेत नाहीत, म्हणून यांचं असं होतं, म्हणतात. दवाखान्यात म्हणतात, कचेरीत म्हणतात. मी विचारतो, काय कळत नव्हतं? मायला कडीची चीर दिसली होती. मला टायरची दिसली होती. दुरुस्तीचा पैसा आज लागतो, मोडतोड उद्या होते, आणि पोट आजचं असतं. म्हणून बघितलेलं बाजूला ठेवायची सवय लागते. ती सवय आईकडून पोराकडं येते, न बोलता.

पण एवढं लिहून मी सुटत नाही. टायरला पैसा नव्हता, हे खरं. कपची काढायला पैसा लागत नव्हता, हेही खरं. आणि ज्याच्या गुडघ्यावर हा हिशेब मिटला तो माझा गुडघा नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून मी रोज खडे काढायला लागलो. आणि काढलेला प्रत्येक खडा तेलाच्या एका रिकाम्या डब्यात टाकायला लागलो. कशासाठी, ते तेव्हा माहीत नव्हतं.

२६ जानेवारी २०१२ च्या ग्रामसभेला मी तो डबा घेऊन गेलो. आमच्या रस्त्याचा विषय निघाला की दर वेळी एकच उत्तर, मंजूर आहे, निधी नाही. मी उठलो आणि डबा टेबलावर ओतला. सतरंजीवरची माणसं हसली. एक जण म्हणाला, "काय, खडी विकायला आणली का?"

मी म्हणालो, "विकायला न्हाई, परत करायला आणली. तुमच्या रस्त्याची हाय. आमच्या टायरांत ऱ्हायली होती."

कुणी हसलं, कुणी खाली बघितलं. ठरावाच्या वहीत एक ओळ लिहिली गेली. डांबर २०१६ साली आलं. पातळ. तीन पावसाळ्यांत निघून गेलं. आता खाली तीच खडी आहे आणि मधे मधे डांबराचे डाग. डबा अजून भरतो.

भाचा पुढं उस्तादाकडंच बसला. काम शिकला. आज फाट्यावर त्याचं स्वतःचं दुकान आहे. आता बऱ्याच गाड्यांना ट्यूबलेस टायर असतात. खिळा काढला की भोकात चिकट दोरी भरायची, चाक खोलावं लागत नाही, आणि हवाही एकदम जात नाही, हळूहळू जाते. त्यामुळं पोरं निर्धास्त झालीत. भाचा त्यांना सांगतो, ट्यूब नसली तरी आत धागेच हायेत, खडा तेवढाच आत जातो. टायरच्या अंगावरचे चार आकडे वाचायलाही तो शिकवतो. २३१९ असले तर ते २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात झालेलं टायर. नवं म्हणून घेतलेलं टायर कधी कधी दुकानातच म्हातारं झालेलं असतं. गिऱ्हाईक फक्त हवा भरायला आलं तरी तो चाकावरून हात फिरवल्याशिवाय सोडत नाही. लोकांना घाई असते. तो म्हणतो, "थांबा जरा."

त्याचा गुडघा पुरता वाकत नाही. स्टुलावर बसतो तेव्हा उजवा पाय लांब ठेवतो. मला त्यानं आजपर्यंत एक शब्द लावला नाही. पण त्या दिवसापासून तो माझ्या गाडीवर मागं बसलेला नाही. कुठं लग्नाला, मयताला जायचं असलं की म्हणतो, "मामा, तुम्ही व्हा पुढं. मी येतो."

मी पुढं होतो. काय बोलणार?

यंदा मायच्या उरलेल्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. तपासायला गेवराईला न्यायचं होतं. सकाळी मी दोन्ही चाकं बघितली. खडूची रेघ मारून, डोळ्यानं एक फेरा, हातानं एक फेरा. सहा खडे निघाले. हवा बघितली. गाडी पुसली. माय काठी टेकत आली. मी म्हणालो, बस.

ती बसली नाही. काठी भिंतीला लावली आणि चाकापाशी खाली बसली.

"फिरव," म्हणाली.

मी परत गाडी डबल स्टँडवर घेतली आणि मागचं चाक हळू फिरवलं. तिनं टायरवर तळहात ठेवला. फडकं नाही, काही नाही. डोळे मिटलेले. ओट्यावरची पोरं हसायची थांबली होती. अर्ध्याच्या वर फेरा झाला असेल.

"थांब."

कडेच्या खाचेत होती. मी दोनदा तिच्यावरून हात फिरवला होता. मी बोथट स्क्रू-ड्रायव्हर घातला, कपची काढली, खाच फाकवून तळ बघितला. तळ काळा होता.

मायनं कपची अंगठ्यानं चाचपून बघितली. "हातानं फोडलेली न्हाई ही. मशीनची हाय," म्हणाली. डबा मागितला, त्यात टाकली. मग माझ्या खांद्याला धरून गाडीवर बसली.